४.८ मीटरची भरती आणि मीटरबॉक्सची उंची

पावसाळा आला की मोबाईलवर निरोप फिरू लागतो: 'आज दुपारी ४.८ मीटरची भरती, मुंबई बुडणार!' म्हणजे जवळपास दीड मजला पाणी? छे. ही उंची रस्त्यापासून मोजत नाहीत. ओहोटीचं पाणीही सहसा ज्याखाली उतरत नाही, त्या पातळीपासून मोजतात. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ही भरती सरासरीच्या सुमारे २.३ मीटर वर. समुद्र कोपतबिपत नाही; अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र-सूर्याची ओढ एकाच रेषेत येते. कोळीवाड्यात याला उधाण म्हणतात.

खरी गंमत नाल्याच्या तोंडाशी. नाल्यातली पातळी बाहेरच्यापेक्षा उंच असेल तरच पाणी आपणहून समुद्रात उतरतं. भरती चढली की उतारच संपतो. नाल्याच्या तोंडावरच्या झडपा उघड्या ठेवल्या तर समुद्र आत शिरतो, बंद केल्या तर पाऊस आत कोंडतो. आता हिशेब करा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. तासाला ५० मिलिमीटर पडला तर हेक्टरी ५ लाख लिटर, झडप ३ तास बंद तर १५ लाख. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्हचे पंप याच कोंडीसाठी आहेत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला आणि दुपारी भरतीही होती. त्याच दिवशी कुलाब्यात शंभरसुद्धा झाला नाही.

पण पाणी किती, हा अर्धाच प्रश्न. तेच दोन फूट पाणी कुणाला किती लागतं, ती संवेदनशीलता. पोटमाळा असलेल्या खोलीत धान्याचा डबा वर चढतो. शेजारी तळमजल्यावर शिलाई मशीन भिजलं की रोजी बंद. पायाला भेग असलेल्याला त्याच पाण्यातून लेप्टो (उंदरांच्या मूत्रातून पसरणारा आजार) होऊ शकतो. अंथरुणाला खिळलेल्या आजीला उचलायला दोन माणसं लागतात. अख्ख्या वॉर्डाची सरासरी काढली की हे सगळं पुसलं जातं, म्हणून वॉर्डावॉर्डाचा पुराचा धोका दाखवणाऱ्या रंगीत नकाशांवर माझा फारसा भरवसा नाही.

या धोक्याच्या सर्वेक्षणाला कुणी दारात आलं, तर उत्पन्नाच्या आधी त्याने विचारावं: विजेचा मीटरबॉक्स जमिनीपासून किती वर आहे? संडासाचं पाणी उलटतं का? आणि उलटलं तर तुम्ही जाता कुठे?