किडनीचा कॅन्सर आणि मुंबईची हवा: प्रश्न जुन्या पत्त्याचा

लालबागच्या आमच्या चाळीत गिरणीच्या धुराड्यातून काळा लोट निघाला की बायका दोरीवरचं धुणं घाईघाईने आत ओढायच्या. एखादं पांढरं धोतर बाहेर राहिलंच, तर त्यावर काजळीचे ठिपके पडायचे. हाताने झटकले की ते आणखी पसरत, म्हणून आजी त्यावर हलकी फुंकर मारायची. ती काजळी तिच्याच नाकातोंडात जाते, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मुंबईने धुराची दखल घेतली ती बराच काळ अशी, डोळ्यांना दिसेल तेवढ्यापुरती. ताडदेवला १८५६ साली पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि भट्ट्यांच्या धुराविरुद्धचा कायदा १९१२ साली आला. त्याच्या नावातच धुराला ‘न्युसन्स’ म्हटलं होतं, म्हणजे उपद्रव. आजाराचा विचार नंतर आला. १९५०च्या दशकात माहुल-तुर्भ्याकडे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, मागोमाग खतकारखाना आला आणि चेंबूरला लोक ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस केईएम रुग्णालयातले छातीविकारतज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत यांनी सहकाऱ्यांसह लालबाग, चेंबूर, खार आणि एक ग्रामीण भाग निवडून चार हजारांहून अधिक माणसं तपासली. खोकला, दमा, फुप्फुसांची ताकद यांची हवेशी सांगड घालणारं हे काम या शहराने विसरू नये असं आहे. पण हवा म्हटलं की फुप्फुस, ही चौकट तेव्हा जगभर होती. किडनीचं नाव कुणी घेत नव्हतं.

ते पुढे आलं फार उशिरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर आणि २०१३ साली बाहेरची प्रदूषित हवाच कॅन्सरकारक ठरवली. त्या वेळी भक्कम पुरावा होता तो फुप्फुसाच्या कॅन्सरचा. मूत्राशयाबाबत संबंध दिसत होता. त्यानंतर २०१७ साली दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. अमेरिकेत १९८२ पासून २२ वर्षं पाठपुरावा केलेल्या सव्वासहा लाखांच्या आसपास लोकांमध्ये, हवेतले सूक्ष्म कण घनमीटरमागे ४.४ मायक्रोग्रॅमने वाढले की किडनीच्या कॅन्सरने होणारे मृत्यू १४ टक्क्यांनी जास्त आढळले. युरोपातल्या १४ गटांच्या अभ्यासात २ लाख ८९ हजार माणसं होती, पण रुग्ण निघाले ६९७. धोका वाढल्यासारखा दिसला, तरी तो योगायोग नव्हे असं आकड्यांच्या बळावर म्हणता आलं नाही. म्हणून आज प्रामाणिकपणे एवढंच म्हणावं लागतं: संशय सबळ आहे, निकाल लागलेला नाही. तंबाखूचं धूम्रपान, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब ही या कॅन्सरची पक्की ठरलेली कारणं आहेत, आणि ती बाजूला ठेवून हवेला दोष देणं रुग्णाच्या हिताचं नाही.

संशय का यावा, हे मात्र शरीराच्या रचनेतच आहे. अडीच मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम तिसावा भाग, फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. त्यातले सर्वांत बारीक कण आणि त्यांना चिकटलेली कॅडमियमसारखी विषारी द्रव्यं रक्तात उतरू शकतात. आणि हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा थेट किडन्यांकडे जातो. त्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. रक्तात जे आलं, ते गाळण्याला लागणारच.

याच कणांसाठी आपल्या देशात मर्यादा ठरली ती २००९ साली, वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा ५ वर आणली. गिरण्यांचा काळ, चेंबूरचा ऐन वाईट काळ, हे सारं या मोजमापाच्या आधी होऊन गेलं.

मुंबईपाशी एक मोलाचं साधन आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली इथे कॅन्सर रुग्णांची नोंदवही सुरू केली, देशातली अशी पहिली. पण त्यात मुंबईत राहणाऱ्यांचीच मोजणी होते. आता लालबागचाच माणूस घ्या. १९८२च्या संपात नोकरी गेली, पुढे खोली विकली, बिऱ्हाड विरारला गेलं. कॅन्सर अंगात रुजून बाहेर दिसेपर्यंत कित्येक वर्षं जातात. तो आज तपासायला आला, तर केसपेपरवर पत्ता पडतो विरारचा, श्वासात मात्र चाळीस वर्षं लालबागची. मुंबईच्या हिशेबात तो धरलाही जात नाही. पत्त्याच्या रकान्याखाली आणखी एक ओळ हवी आहे: वीस वर्षांपूर्वी कुठे राहत होता, आणि त्याआधी कुठे?