वुडलाइनवरचे क्रोएशियन लाकूडतोडे

पश्चिम ऑस्ट्रेलियातील कालगुर्ली-बोल्डर या सुवर्णक्षेत्राला सरपण पुरवणाऱ्या खासगी लोहमार्गांना ‘वुडलाइन’ म्हणत. तिथे कुऱ्हाड चालवणाऱ्यांत इटालियनांच्या बरोबरीने डाल्मेशियातले (आजच्या क्रोएशियाच्या किनारपट्टीवरचे) क्रोएशियन होते. कूलगार्डीला १८९२ मध्ये आणि कालगुर्लीला १८९३ मध्ये सोने सापडले. त्याच सुमारास डाल्मेशियात फिलॉक्सेरा किडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, आणि मकार्स्काचा किनारा, व्ह्रगोरत्स, कोर्चुला बेट इथली तरुण मंडळी बाहेर पडली. डाल्मेशिया तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत असल्याने सरकारदरबारी त्यांची नोंद ‘ऑस्ट्रियन’ अशी होई.

सोन्याला लाकूड कशाला? जवळपास कोळसा नव्हता. बाष्पके (बॉयलर), भुयारातले टेकू, टेल्युराइड धातुक (टेल्युरियमशी संयोग झालेल्या सोन्याचे खनिज) भाजण्याच्या भट्ट्या, सगळे लाकडावर चाले. १९०३ मध्ये नळाचे पाणी येईपर्यंत पिण्याचे पाणीसुद्धा खारे पाणी उकळून, वाफ थंड करून मिळवत, त्यालाही सरपणच.

मुख्य झाडे सॅमन गम, गिमलेट आणि मुल्गा. सॅमन गमचे वाळलेले लाकूडही पाण्यात बुडते, इतके ते घट्ट. कुऱ्हाडीची धार फार पातळ लावली तर तिचे तुकडे उडतात, आणि जाड ठेवली तर ती आत शिरत नाही. झाड ज्या बाजूला पाडायचे तिकडे बुंध्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत खाच घेतात. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा किंचित वर घ्यायचा आणि मध्ये न कापलेल्या लाकडाची पट्टी राखायची. तीच झाडाला बिजागरीसारखी वळवते. पट्टी पार कापली की झाड मनाला येईल तिकडे जाते. वाळवीने पोखरलेला बुंधा उभा चिरतो, म्हणून आधी कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून आवाज ऐकायचा.

मजुरी टनावर असे. ओले लाकूड वजनाला भरते, पण बाष्पकात काही आच त्यातले पाणी उडवण्यातच जाते. ओंडके घोडागाडीने रुळापर्यंत न्यायचे. आसपासचे रान संपले की फाट्याचे रूळ उचलून पुढे टाकत. स्लीपर खडीविना थेट मातीवर, त्यामुळे पावसात रूळ खचत आणि डबे घसरत. तंबू, पत्रे, गोणपाटाच्या भिंती असा सगळा तळ मार्गाबरोबर सरके. पिण्याचे पाणी आगगाडीनेच येई. रूळ लांब राहिला तर ओढणीत दिवस जाई आणि कमाई घटे. टनाच्या दराइतकेच हे अंतरही मजुराच्या पोटाशी निगडित होते.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीचे प्रजाजन म्हणून हे लोक शत्रुपक्षीय ठरले. कित्येकांना रॉटनेस्ट बेटावर आणि नंतर न्यू साउथ वेल्समधील लिव्हरपूलच्या छावणीत डांबले. जानेवारी १९३४ च्या अखेरीस कालगुर्ली-बोल्डरच्या दंगलीत इटालियन आणि स्लाव्ह (क्रोएशियन वगैरे) लोकांची घरे-दुकाने जाळली गेली. बरेच क्रोएशियन पर्थजवळ स्वान खोऱ्यात द्राक्षाकडे, तर स्पिअरवुडला भाजीपाल्याकडे वळले. कालगुर्लीजवळच्या लेकवुडचा शेवटचा वुडलाइन मार्ग १९६० च्या दशकात बंद पडला.