आयपीएस लिहिलंय म्हणजे कलर बरोबर? नाही हो

"फोटो एडिटिंगला मॉनिटर घेताय ना, मग आयपीएस बघा आणि डोळे मिटून घ्या", हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय, आणि तो अर्धाच खरा आहे. आयपीएस हा फक्त पॅनलचा प्रकार झाला. त्याचा फायदा एवढाच की बाजूने बघितलं तरी रंग फारसे बदलत नाहीत, जुन्या टीएन पॅनलवर मान जरा हलवली की वरचं आकाश गडद आणि खालचं फिकट दिसायचं तसं होत नाही. पण रंग किती दाखवणार हे वेगळंच प्रकरण. स्वस्तातल्या कितीतरी आयपीएस पॅनलवर '४५% एनटीएससी' लिहिलेलं असतं (एनटीएससी म्हणजे स्क्रीन किती रंग दाखवते हे मोजायचं एक जुनं माप), म्हणजे एसआरजीबीच्या, वेब आणि बहुतेक फोटोंसाठीच्या नेहमीच्या रंगपट्ट्याच्या, जेमतेम ६२-६३ टक्के, त्यावर लाल साडी विटकरी दिसते आणि आपण सॅच्युरेशन वाढवत बसतो, मग तोच फोटो दुसऱ्या स्क्रीनवर भडक! ७२% एनटीएससी किंवा साधारण १००% एसआरजीबी असेल तर बजेटमधलाही चालतो. आणि हो, ब्राइटनेस फुल ठेवू नका, १०० ते १२० निट्स (स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) पुरे, नाहीतर प्रिंट काळपट येतात. पैसे उरले तर कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून बरोबर करायचं यंत्र, घ्या, फोरकेचं नंतर बघू.