वाळूभराव (पाण्याने बसवणे)

चरातील नळाभोवती भरलेली वाळू पाणी सोडून दाट करण्याची रीत. भरावावर पाणी साचवून ते मुरू देणे आणि लोखंडी नळी वाळूत खुपसून दाबाने पाणी सोडणे, असे तिचे दोन प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकारात पाणी नळाच्या बगलेखालपर्यंत (बुडालगतच्या दोन्ही बाजूंच्या सांदीत) पोचते, जिथे धुम्मस चालत नाही. लवचिक नळाला आधार प्रामुख्याने बाजूच्या भरावाचाच असतो (स्पँगलर, १९४१). म्हणून बगल पोकळ राहणे घातक.

उगमाबाबत निश्चित सांगणे कठीण. कोळसाखाणीतील पोकळ्या पाण्याबरोबर वाळू वाहून नेऊन भरण्याशी या रीतीचे नाते जोडता येते. पेन्सिल्व्हेनियात तसा भराव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊ लागला. भारतात झरिया–राणीगंज भागातही तो रूढ झाला. मात्र तिथे पाणी मुख्यतः वाहतुकीसाठी असते. त्यामुळे हे नाते दूरचेच मानणे बरे.

वाळू पाण्याने का बसते, याची दोन स्पष्टीकरणे आढळतात. होगेंटोग्लर (१९३६) यांच्या मांडणीत पाणी मातीच्या कणांमध्ये वंगणाचे काम करते. क्वार्ट्झच्या वाळूला हे लागू करणे अवघड आहे. हॉर्न व डिअर यांच्या प्रयोगांत (१९६२) गुळगुळीत क्वार्ट्झ पृष्ठांमधील घर्षण पाण्यामुळे उलट वाढलेले दिसले. केशाकर्षणाचे स्पष्टीकरण अधिक पटते. दमट वाळूत कणांच्या सांध्यांतील पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरते आणि मोकळी रचना तशीच टिकते. ५–६ टक्के ओलाव्याला वाळू साधारण २०–३० टक्के फुगते, बारीक वाळू त्याहूनही जास्त. ती पूर्ण भिजली की हा ताण नाहीसा होऊन कण ढासळतात. मोजपात्रातील २०० मिली दमट वाळू पाण्यात बुडवल्यावर १५० मिलीवर आली, तर फुगवट ३३ टक्के. (ब्रासच्या हिशेबाने ओली वाळू घेणाऱ्याला ही तूट वेगळी शिकवावी लागत नाही.) उरलेले काम खाली झिरपणारे पाणी करते, त्याचा ओढा कणांना खाली रेटतो.

यावरून पाणी सोडण्याइतकेच त्याला वाट देणे महत्त्वाचे, हे उघड आहे. काळ्या मातीत किंवा अभंग काळ्या पाषाणात खणलेल्या चराचा हौद होतो. तिथे उपशाची सोय नसेल तर ही रीत टाळावी. रिकामा नळ तरंगण्याचाही धोका असतो: ३१५ मिमी बाह्य व्यासाच्या नळावर दर मीटरला सुमारे ७८ किलो उचल येते, आणि पीव्हीसी नळाचे वजन तिच्या पासंगालाही पुरत नाही. भिजलेली सैल वाळू तात्पुरती दाट द्रवासारखी वागली तर उचल आणखी वाढते. म्हणून नळ आधी पाण्याने भरतात किंवा जागोजागी जखडतात, आणि वाळू दोन्ही बाजूंना सारख्या उंचीने चढवतात.

स्वच्छ वाळूत प्रॉक्टर चाचणीचा (१९३३; वेगवेगळ्या ओलाव्याला माती ठोकून तिची घनता पाहण्याची चाचणी) आलेख स्पष्ट शिखर देत नाही. त्यामुळे दाटी सापेक्ष घनतेने, म्हणजे त्याच वाळूच्या सर्वांत सैल आणि सर्वांत दाट स्थितींच्या तुलनेत, मोजतात. भारतीय मानक २७२० च्या १४व्या भागात तिची पद्धत आहे. निव्वळ पाण्याने वाळू सहसा मध्यम घनतेपर्यंतच पोचते. त्यापुढे कंपकाची जोड लागते.

७५ मायक्रॉनहून बारीक अंश साधारण ५ टक्क्यांच्या आत असावा. क्रश सँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूत) भुकटी बरीच असते व पाणी वरच तुंबते. अशी वाळू धुतलेलीच घ्यावी.