214 धोके सापडले, म्हणजे नक्की काय सापडलं?

घरच्या कॉम्प्युटरवर लागोपाठ दोन अँटी-स्पायवेअर (आपली माहिती चोरून बाहेर पाठवणारे प्रोग्राम, म्हणजे स्पायवेअर, शोधणारी सॉफ्टवेअर) चालवली. पहिल्यानं 9 धोके दाखवले, दुसऱ्यानं 214. साहजिकच दुसरं भारी ठरतं, पहिलं काढून टाकलं जातं आणि ‘ते जुनं काही पकडत नाही’ असा निरोप सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो.

पण दोघांचं मोजमापच वेगळं आहे. जाहिराती दाखवणारा एखादा आगंतुक टूलबार विंडोजमध्ये शिरला की दोन-चार फायली, एखादं फोल्डर आणि रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) तीस-चाळीस नोंदी करून ठेवतो. एक प्रोग्राम या सगळ्याला मिळून 1 म्हणतो, दुसरा प्रत्येक नोंद सुटी धरतो. झुरळ एकच मारायचं आणि पाय सहा, पंख चार, मिशा दोन धरून बारा कीटक मारल्याची पावती फाडायची, तसला प्रकार. उरलेल्या आकड्यात बऱ्याचदा ट्रॅकिंग कुकीज असतात. कुकी म्हणजे ब्राउझरनं ठेवलेला मजकुराचा तुकडा. जाहिरातदार त्यावरून आपला माग काढतात हे खरं, पण कुकी स्वतः चालू शकत नाही, की-बोर्डवर काय टाइप केलं ते ऐकू शकत नाही, आणि ब्राउझरच्या सेटिंगमधून अर्ध्या मिनिटात पुसता येते.

मग तुलना कशाची करायची? त्यासाठी हे प्रोग्राम स्पायवेअर ओळखतात कसं, ते आधी बघायला हवं. खरी गंमतही तिथंच आहे.

सर्वांत सोपी रीत हॅशची. फाइलवर एक ठरावीक गणित चालवायचं आणि येणारं उत्तर ज्ञात स्पायवेअरच्या यादीत आहे का ते बघायचं. एसएचए-256 या पद्धतीत फाइल केवढीही असो, उत्तर 256 बिटांचंच (म्हणजे 256 शून्य-एकांचंच) येतं. अडचण अशी की मूळ फाइलमधला एक बिट जरी बदलला, तरी उत्तरातले साधारण निम्मे बिट बदलतात. म्हणजे स्पायवेअर लिहिणाऱ्यानं शेवटी एक निरर्थक अक्षर चिकटवलं की यादी फुकट.

म्हणून दुसरी रीत: अख्खी फाइल न जुळवता तिच्यातले ओळखीचे तुकडे शोधायचे. असे तुकडे लाखोंनी असतात. प्रत्येक तुकडा घेऊन फाइल पहिल्यापासून चाळली, तर एक फाइल तपासायला दिवस जाईल. यावरचा उपाय बेल लॅब्जमधल्या आहो आणि कोरासिक यांनी 1975 मध्ये मांडला, आणि तोही ग्रंथालयातली शोधसूची बनवण्याच्या निमित्तानं. क्लॅमएव्ही या मुक्त स्कॅनरमध्ये तो आजही वापरात आहे.

समजा आपल्याला दोनच शब्द शोधायचेत, ‘कमल’ आणि ‘मलम’. मजकूर आहे ‘कमलम’. क, म, ल वाचून झालं की ‘कमल’ सापडला. पुढचं अक्षर म. ‘कमल’च्या पुढे जाणारा शब्द यादीत नाही. साधा शोध इथं मागं फिरतो आणि दुसऱ्या अक्षरापासून पुन्हा वाचायला लागतो. आहो-कोरासिक मागं फिरत नाही. त्यानं शोध सुरू होण्याआधीच नोंदवून ठेवलेलं असतं, की ‘कमल’ची शेपटी ‘मल’ आणि ‘मलम’ची सुरुवातही ‘मल’. त्यामुळे तो सरळ ‘मलम’च्या फांदीवर, दोन अक्षरं आधीच वाचली आहेत अशा जागी उडी मारतो, म घेतो, आणि दुसरा शब्दही सापडतो. एकही अक्षर दुसऱ्यांदा वाचलेलं नाही. यादीतल्या सगळ्या शब्दांचं मिळून एक झाड, आणि प्रत्येक पेरावरून ‘इथं अडलास तर तिकडे जा’ असा एक दुवा. झाड बांधायला वेळ आणि मेमरी लागते, पण एकदा ते उभं राहिलं की शोधाचा वेळ फाइलच्या लांबीवर (आणि किती जागी जुळलं त्यावर) ठरतो, शब्द दोन आहेत की दोन लाख यावर नाही. अँटी-स्पायवेअर काहीशे मेगाबाइट रॅम अडवून बसतं, त्यातला काही वाटा अशा झाडांचा असतो.

स्पायवेअरवाले यावर स्वतःची फाइल आवळून, कुलूपबंद करून पाठवतात. ती रॅममध्ये गेल्यावरच उलगडते, तोवर ओळखीचा तुकडा दिसतच नाही. मग स्कॅनर तिला सॉफ्टवेअरनंच उभ्या केलेल्या एका खोट्या प्रोसेसरवर थोडा वेळ चालवून बघतो, किंवा तिचं वागणं पाहतो: रजिस्ट्रीतल्या ‘रन’ नोंदीत (विंडोजबरोबर आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीत) स्वतःला घुसवते का, की-बोर्डचे संदेश वाटेतच अडवून वाचते का. गोची इथंच होते. की-बोर्डची मांडणी बदलून देणाऱ्या प्रामाणिक सॉफ्टवेअरलाही प्रत्येक कळ मध्येच अडवावी लागते. मराठी टायपिंगच्या एखाद्या बिचाऱ्या प्रोग्रामवर ‘की-लॉगर’चा (टाइप केलेलं चोरून टिपणाऱ्याचा) शिक्का बसतो तो असा.

जाहिरातीत न सांगितलं जाणारं गणितही यातूनच निघतं. समजा कॉम्प्युटरवर 3 लाख फायली आहेत, त्यातल्या 10 खरोखर स्पायवेअरच्या. प्रोग्राम त्या दहाही पकडतो, आणि निर्दोष फायलींत दहा हजारांमागे एकदाच चुकतो. ऐकायला उत्तम. पण 3 लाखांत दहा हजारांमागे एक म्हणजे 30. एकूण 40 इशारे, त्यातले 30 खोटे. ‘सर्व निवडा, डिलीट करा’ हे बटण दाबलं की प्रिंटरचा ड्रायव्हर नाही तर अकाउंटचं सॉफ्टवेअर गेलंच. डिलीटऐवजी क्वारंटाइन (फाइल न पुसता बाजूला कोंडून ठेवणं) निवडावं, आठवडाभर सगळं नीट चालतंय का बघावं आणि मग पुसावं. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही प्रयोगशाळा 18 पैकी गुण देते: संरक्षणाला 6, वेगाला 6, वापरसुलभतेला 6. हे तिसरे सहा प्रामुख्यानं खोट्या इशाऱ्यांवर ठरतात, आणि खोक्यावर छापले जातात ते पहिले सहा. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज खोट्या इशाऱ्यांचा आकडा वेगळा देते. तुलना करताना नजर आधी तिथं जावी.

आता घरचा विचार. विंडोज 10 किंवा 11 असेल तर डिफेंडर आधीपासून आहेच. त्याचा जन्मच अँटी-स्पायवेअर म्हणून झाला: मायक्रोसॉफ्टनं 2004 च्या शेवटी जायंट नावाची कंपनी विकत घेतली, 2006 मध्ये तिचं उत्पादन डिफेंडर या नावानं आलं आणि विंडोज 8 पासून ते पूर्ण अँटीव्हायरस झालं. एक खिडकी मात्र उघडून पाहावी. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’, तिथं ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन सेटिंग्ज’, आणि तिथं ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग’. हे बंद असेल तर टूलबार छापाची भुरटी मंडळी आरामात आत येतात.

दुसरं मत हवं असेल तर मालवेअरबाइट्स या स्कॅनरची फुकट आवृत्ती बरी. सुरुवातीची चाचणी मुदत संपली की ती सांगितल्यावरच तपासते, सतत पहाऱ्यावर बसत नाही, आणि हीच तिची सोय आहे. कारण सतत पहारा देणारे दोन प्रोग्राम एकत्र नांदत नाहीत. फाइल उघडण्याच्या प्रत्येक मागणीच्या वाटेवर पहारेकरी आपली चौकी टाकतो; चौक्या दोन झाल्या की एकाची तपासणी दुसऱ्याला संशयास्पद हालचाल वाटते, आणि कॉम्प्युटर गोगलगाय होतो. म्हणूनच पुण्याचं क्विक हील किंवा दुसरं कुठलं अँटीव्हायरस टाकलं की डिफेंडर आपणहून बाजूला सरकतो. जुनं काढताना त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल वापरावं, नाही तर चौकीचे अवशेष मागे राहतात. दसऱ्याला सीपीयूला झेंडूचा हार जरूर घालावा, पण दोन वर्षांपूर्वी वर्गणी संपलेलं अँटीव्हायरस केवळ त्याचं चिन्ह कोपऱ्यात दिसतं म्हणून ठेवणं ही त्यापेक्षा महागडी श्रद्धा आहे.

पहारा जागा आहे का हे तपासायला आयकार या संस्थेची 68 अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल मिळते. ती सेव्ह होताक्षणी इशारा यायला हवा. एवढ्यावरून प्रोग्राम चांगला ठरत नाही, फक्त झोपलेला नाही इतकं कळतं. वेग मोजायचा तर फोटो-दस्तऐवजांचं 5 जीबीचं फोल्डर कॉपी करून घड्याळ लावावं, दर वेळी आधी रीस्टार्ट करून. तसं न केल्यास दुसऱ्या खेपेला फायली रॅममधूनच येतात आणि दुसरा प्रोग्राम उगाच चपळ ठरतो.

‘एआय-आधारित’ या शिक्क्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. आणि ब्राउझरमध्ये एखादं पान तुमचा सी ड्राइव्ह तपासत असल्याचं दाखवत असेल, तर ते निव्वळ चलच्चित्र आहे. वेबपानाला तुमच्या डिस्कवर फिरायची मुभाच नसते. रखवालदाराचं कुळही बघावं. अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीनं आपल्या ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 2024 मध्ये तिला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले.

खरोखरच काही सापडलं, तर ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवावा. त्यात विंडोज सुरू होण्याआधीच, साधारण 15 मिनिटं तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्याला स्वतःला झाकता येत नाही. मग ऑटोरन्स हे, विंडोजबरोबर आपोआप काय काय सुरू होतं ते दाखवणारं, मायक्रोसॉफ्टचंच फुकट साधन उघडून ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज’वर खूण करावी आणि गुलाबी ओळी, म्हणजे ज्यांच्या निर्मात्याची सही सापडत नाही त्या, एकेक करून पाहाव्यात. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या यंत्रावरून, आणि बदलल्यावर ईमेल व बाकीच्या खात्यांत ‘सर्व उपकरणांवरून लॉग आउट’ दाबायचं. चोरानं लॉग-इन झालेल्या सत्राची कुकी (‘हा आधीच आत आला आहे’ हे साइटला सांगणारी) उचललेली असेल, तर बऱ्याच ठिकाणी पासवर्ड बदलूनही त्याच्यासाठी दार उघडंच राहतं.