ग्लास कॉकपिट

प्रवासी विमानाच्या वैमानिक कक्षातील यांत्रिक तबकड्यांच्या जागी संगणकाने चालणारे पडदे बसवून केलेली मांडणी. विमानाचा कल, वेग, उंची, दिशा, मार्ग आणि एंजिनांची अवस्था ही सर्व माहिती चार ते सहा पडद्यांवर येते. कोणत्या वेळी त्यातले काय दाखवायचे हे बऱ्याच अंशी संगणक ठरवतो. दोन माणसांचा चमू, उड्डाण व्यवस्थापन संगणक (मार्ग व वेग आखून देणारा) आणि एअरबसच्या विमानांतील साइडस्टिक (बाजूला बसवलेली विमान चालवण्याची छोटी दांडी) या गोष्टी काटेकोरपणे पाहता वेगळ्या आहेत. तरीही त्यांचा विचार येथेच केला आहे, कारण वैमानिकांचे आक्षेप पडद्यांपेक्षा या सोबतच्या गोष्टींवरच जास्त आहेत.

पूर्वपीठिका : दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बाँबफेकी विमानाचे वैमानिक उतरल्यानंतर फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) मिटवण्याऐवजी चाके मिटवत. दोन्ही कळा शेजारी होत्या आणि हाताला सारख्याच लागत. मानसशास्त्रज्ञ आल्फॉन्स चपानिस यांनी एका कळीला चाकाचा, तर दुसरीला पंखाच्या पाचरीचा आकार देण्याचा उपाय काढला. आजही कोणत्याही प्रवासी जेटमध्ये चाकांच्या कळीच्या टोकाशी छोटे चाकच असते. नियमाने ते बंधनकारक आहे. पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांच्या १९४७ च्या अभ्यासांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदल्या जाणाऱ्या अनेक घटना वस्तुतः आरेखनाच्या चुका असतात हा विचार रुजवला. कॉकपिटविषयीच्या पुढच्या बहुतेक वादांचे मूळ येथे आहे.

यांत्रिक उपकरणांच्या मर्यादेचे भारतातील उदाहरण म्हणजे १ जानेवारी १९७८ चा मुंबईचा अपघात. एअर इंडियाचे दुबईला निघालेले ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ रात्रीच्या अंधारात उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले आणि विमानातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. मुख्य वैमानिकासमोरचे कृत्रिम क्षितिज (विमानाचा कल दाखवणारे उपकरण) बिघडून उजवा कल दाखवत होते. त्यावर विसंबून त्याने विमान डावीकडे झुकवले ते झुकतच गेले. सहवैमानिकाचे उपकरण आणि मधले तिसरे राखीव उपकरण, दोन्ही पुढ्यात होती. त्या उपकरणावर जाऊ नका, असे फ्लाइट इंजिनिअर (एंजिने व यंत्रणांवर लक्ष ठेवणारा चमूतील तिसरा माणूस) बजावत असल्याचे ध्वनिमुद्रणावरून दिसते. उपकरणनिर्मात्यांवरील दावे अमेरिकेतील न्यायालयाने १९८५ मध्ये फेटाळले. डाव्या-उजव्या उपकरणांत तफावत पडली की ती संगणकाने ओळखून पडद्यावर ठळक दाखवावी, ही पुढच्या पिढीतील सोय अशा घटनांना दिलेले उत्तर होय.

उगमाचा वाद : पहिले ग्लास कॉकपिट कोणते याबाबत एकमत नाही. काही संदर्भग्रंथ हा मान १९७९ मध्ये प्रथम उडालेल्या मॅकडॉनल डग्लस एमडी-८० ला देतात. परंतु त्याच्या सुरुवातीच्या विमानांतील मुख्य उपकरणे विद्युत्-यांत्रिकच होती आणि इलेक्ट्रॉनिक पडदे नंतरच्या आवृत्त्यांत आले, त्यामुळे हे मत स्वीकारणे कठीण आहे. लढाऊ विमानांत कॅथोड किरण नलिकेचे पडदे त्याआधीच होते. मात्र तेथून प्रवासी विमानांपर्यंतचा धागा सरळ जोडता येत नाही.

अधिक ग्राह्य वाटणारी परंपरा नासाच्या लँगली केंद्राकडे जाते. बोइंगचे स्वनातीत प्रवासी विमान १९७१ मध्ये रद्द झाले. त्यासाठी आखलेल्या पडद्यांची कल्पना नंतर बोइंग ७३७ च्या अगदी पहिल्या नमुना विमानावर, म्हणजे नासाने संशोधनासाठी घेतलेल्या विमानावर, वापरली गेली असे सामान्यतः मानतात. या विमानात पुढे नेहमीचे कॉकपिट होते आणि प्रवासी कक्षात दुसरे प्रायोगिक कॉकपिट उभारले होते. त्याला समोर खिडकीच नव्हती; वैमानिक केवळ पडद्यांकडे पाहून विमान चालवत आणि पुढचे दोघे राखण करत. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून झालेल्या या प्रयोगांत सर्वांत जास्त भाव मिळाला तो सरकत्या नकाशाला. दोन-तीन काट्यांचे वाचन डोक्यात जुळवून ‘आपण नेमके कुठे आहोत’ याचे चित्र उभे करण्याचा खटाटोप त्याने वाचवला.

नियमित सेवेत ही मांडणी आली ती बोइंग ७६७ (पहिले उड्डाण सप्टेंबर १९८१) आणि ७५७ व एअरबस ए३१० (दोन्ही १९८२) यांच्याबरोबर. ‘पहिले’ म्हणजे प्रायोगिक की सेवेतले, हे ठरवले की वादाची धार बरीच बोथट होते.

तिसऱ्या माणसाचा प्रश्न : वैमानिक संघटनांचा सुरुवातीचा विरोध पडद्यांना नव्हता, फ्लाइट इंजिनिअरचे आसन जाण्याला होता. अमेरिकी अध्यक्षांनी नेमलेल्या कृतिदलाने जुलै १९८१ मध्ये दोघांचा चमू सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. तेव्हा तिघांसाठी बांधून झालेली ७६७ विमाने सुपूर्द करण्याआधी दोघांसाठी बदलण्यात आली. ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅन्सेट कंपनीने मात्र तिसरे आसन ठेवूनच विमाने घेतली. एअरबसने पडद्यांशिवायही हे साधले होते : गरुडा इंडोनेशियाने १९८२ मध्ये सेवेत आणलेल्या ए३०० मध्ये दोघेच बसत. बोइंग ७४७-४०० (१९८९) मध्ये दिवे, तबकड्या व बटणे मिळून ९७१ वरून ३६५ झाली. ‘सारे ठीक तर दिवे बंद’ हे तत्त्व आज सर्वमान्य आहे.

वैमानिकांची मते : या विषयावरचा पायाभूत अभ्यास अर्ल वीनर यांनी नासासाठी केलेला १९८९ चा अहवाल होय. त्यांनी ७५७ चालवणाऱ्या वैमानिकांना प्रश्न विचारले. विमान बहुतेकांना मनापासून आवडले होते, पण कामाचा बोजा घटला का यावर मते दुभंगली. बोजा जेथे मुळात कमी, त्या समुद्रपातळीपासून दहा किलोमीटरवरच्या निवांत प्रवासात तो आणखी घटला. विमानतळाजवळ मात्र ऐनवेळी धावपट्टी बदलली की दोघांची डोकी खाली उड्डाण व्यवस्थापन संगणकाच्या कळफलकात जात. ‘हे आता काय करतेय, का करतेय आणि पुढे काय करणार’ हे स्वयंचलनाबाबतचे तीन प्रश्न वीनर यांच्या लेखनातूनच रूढ झाले. नादीन सार्टर आणि डेव्हिड वुड्स यांनी १९९० च्या दशकात या त्रासाचे मूळ मोडचे भान सुटण्यात, म्हणजे स्वयंचलन त्या क्षणी कोणत्या कार्यपद्धतीत (मोडमध्ये) आहे हे न उमगण्यात, असल्याचे मांडले.

पडद्यांविषयीची तक्रार त्या मानाने किरकोळ आहे. गोल तबकडीवरचा काटा न वाचताही, नुसत्या कोनावरून कळतो. वेगाच्या उभ्या पट्टीवरचा आकडा वाचावाच लागतो. उलट, दहा सेकंदांनंतर वेग किती असेल हे दाखवणारा पट्टीवरील बाण कोणत्याही तबकडीला जमला नसता. अमेरिकेच्या साउथवेस्ट कंपनीने नव्या ७३७ च्या पडद्यांवर काही वर्षे जुन्या गोल तबकड्यांचीच चित्रे दाखवली, जेणेकरून जुन्या-नव्या विमानांवर तेच वैमानिक चालावेत.

साइडस्टिक की योक : ए३२० (पहिले उड्डाण १९८७, सेवा १९८८) ने दोन बदल एकदम आणले. योक (पुढ्यातला, दोन्ही वैमानिकांकडे एकत्र हलणारा सुकाणूचा दांडा) जाऊन बाजूला छोटी साइडस्टिक आली, आणि दोन्ही स्टिक एकमेकींबरोबर हलत नाहीत. शिवाय ऑटोथ्रस्ट (एंजिनांची शक्ती आपोआप राखणारी यंत्रणा) चालू असताना थ्रॉटल, म्हणजे ती शक्ती कमी-जास्त करणारे दांडे, एका खाचेत स्थिर राहतात. एंजिनांची शक्ती वर-खाली झाली तरी हाताला काही कळत नाही. मोठा फरक तत्त्वाचा आहे. साधारण स्थितीत संगणक विमानाला ६७ अंशांपलीकडे झुकू देत नाही, वैमानिकाने कितीही जोर लावला तरी. बोइंग ७७७ (१९९५) हेही संगणकामार्फतच चालते, पण तेथे योक आणि हलते थ्रॉटल मुद्दाम ठेवले आहेत आणि जास्त जोर लावून मर्यादा ओलांडता येते. यावर वैमानिकांत दोन तट आहेत आणि ज्याने जे जास्त चालवले त्याला ते बरे वाटते, असा साधारण कल दिसतो. साइडस्टिकमुळे पुढ्यात मोकळ्या झालेल्या जागेतील ओढून घेण्याच्या टेबलाची तारीफ मात्र दोन्हीकडचे करतात. लांबच्या उड्डाणात मांडीवर ताट धरून जेवावे लागत नाही, ही गोष्ट तांत्रिक साहित्यात क्वचितच येते.

अपघातांचा दाखला दोन्ही पक्ष देतात. तो तपासून घ्यावा लागतो. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे ए३२० बंगळूरच्या धावपट्टीआधी कोसळले आणि १४६ पैकी ९२ जण दगावले. अखेरच्या टप्प्यात ते एंजिने किमान शक्तीवर ठेवणाऱ्या मोडमध्ये उतरत होते आणि घसरता वेग वैमानिकांच्या फार उशिरा ध्यानात आला. भारतातील ए३२० विमाने त्यानंतर काही महिने जमिनीवर होती आणि स्थिर थ्रॉटलवर बोट ठेवले गेले. पण ६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला एशियाना कंपनीचे ७७७ जवळजवळ तशाच प्रकारे आदळले. तेथे थ्रॉटल हलणारे होते. मोडच असा होता की ते मागच्या टोकाला स्वस्थ पडून राहिले.

साइडस्टिकचेही तसेच. १ जून २००९ च्या एअर फ्रान्स ४४७ अपघातात (२२८ मृत) वेगमापन बिघडल्यावर एका वैमानिकाने स्टिक मागे ओढून ठेवली आणि दुसऱ्याला ते उमगले नाही. योक असता तर दिसले असते, हा युक्तिवाद वजनदार आहे. तथापि ६ फेब्रुवारी १९९६ रोजी बर्गनएअरचे ७५७ डॉमिनिकन रिपब्लिकजवळ समुद्रात पडले (१८९ मृत), तेही वेगमापनाच्या बिघाडातून आणि नाक वर राहिल्यामुळेच. तेथे योक सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. दोष स्टिकच्या आकारात शोधण्यापेक्षा मोड आणि इशाऱ्यांच्या मांडणीत शोधणे अधिक फलदायी, या सार्टर-वुड्स यांच्या बाजूचे पारडे म्हणूनच जड वाटते. एअर इंटरच्या ए३२० चा २० जानेवारी १९९२ चा अपघात (८७ मृत) हे त्याचे बोलके उदाहरण. एकाच बटणाने उतरण्याचा कोनही देता येई आणि दरही, ३.३ अंश आणि मिनिटाला ३,३०० फूट (हा दर नुसता ‘३३’ असा दिसे) या दोहोंत आकडे दाखवणाऱ्या खिडकीत दिसणारा फरक जवळपास एका टिंबाचा होता. गोंधळ येथेच झाला असावा, असे सामान्यतः मानले जाते. एअरबसने नंतर दर चार आकड्यांत दाखवायला सुरुवात केली.

इतर परंपरा व अलीकडचे बदल : सोव्हिएत इल्युशिन-९६ आणि तुपोलेव्ह-२०४ मध्येही पडदे होते, निळसर-हिरवा रंग ही तेथील कॉकपिटांची ओळख. ७७७ पासून द्रवस्फटिक पडदे आले. ७८७ मध्ये दोन्ही वैमानिकांसमोर नजरेच्या रेषेत माहिती उमटवणारी काच मूळ सामग्रीतच असते. ए३५० च्या काही विमानांत स्पर्शपडदे आहेत, पण हादऱ्यांत बोट नेमके टेकत नाही अशी तक्रार असल्याने पडद्याच्या कडेला हात टेकायची सोय करावी लागते. दोन्ही बाजूंच्या एकत्र हलणाऱ्या ‘सक्रिय’ साइडस्टिक गल्फस्ट्रीम जी५०० या व्यावसायिक जेटमध्ये वापरात आल्या असून रशियाच्या एमसी-२१ या प्रवासी विमानाच्या मूळ आरेखनातही त्या होत्या.