डिस्क काढायचा हक्क कुणाचा?

'डिव्हाइस वापरात आहे' एवढंच सांगून कॉम्प्युटर पेनड्राइव्ह सोडायला नकार देतो, त्या कटकटीची मुळं फ्लॉपीच्या काळात आहेत.

१९८४ साली आलेल्या अॅपलच्या पहिल्या मॅकिंटॉश (मॅक) कॉम्प्युटरच्या फ्लॉपी ड्राइव्हला बटणच नव्हतं. आयबीएम पीसीवर ड्राइव्हचा दिवा विझला की खटका उघडून फ्लॉपी काढता यायची. मॅकवर सॉफ्टवेअरचा हुकूम झाल्यावर मोटर ती बाहेर ढकलायची. ती अडकलीच, तर शेजारच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप खुपसायची. यामागचं कारण रास्त होतं. लिहायचा मजकूर मेमरीत शिल्लक असताना डिस्क ओढली, तर फाइल अर्धवट राहते.

गोंधळ झाला तो पुढे. त्या मॅकला आत एकच ड्राइव्ह होता. एका फ्लॉपीवरचं दुसरीवर घ्यायचं, तर पहिली काढल्यावरही मशीनला तिची आठवण ठेवावी लागे. म्हणून इजेक्ट केल्यावरही तिचा आयकॉन फिकट होऊन पडद्यावर राहायचा. तो घालवायला कचरापेटीत टाकायचा. मग दोन्ही कामं एकाच कृतीत आली: डिस्क सरळ कचरापेटीत ओढा, ती बाहेर येईल. ज्या पेटीत टाकलेली फाइल पुसली जाते, तिथेच अख्खी डिस्क टाकायची! नवखी माणसं बिचकत, आणि त्यांचं बिचकणं अगदी बरोबर होतं. मॅक ओएस टेन या मॅकच्या नव्या प्रणालीत डिस्क ओढताना त्या पेटीच्या जागी इजेक्टची खूण दिसू लागली, तोवर बरीच वर्षं गेली होती.

२००० च्या सुमारास पेनड्राइव्ह आले. त्यांना ना खटका, ना मोटर. कुणीही, कधीही उपटावेत. विंडोजने 'सेफली रिमूव्ह'चा आयकॉन दिला, पण झेरॉक्सच्या दुकानात रांग लागलेली असताना तो शोधत कोण बसणार? अखेर २०१८ च्या विंडोज १० आवृत्ती १८०९ पासून मायक्रोसॉफ्टने 'क्विक रिमूव्हल' हीच मूळ सेटिंग केली. तीत पेनड्राइव्हवर लिहायचा मजकूर कॅशेमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, रोखून ठेवला जात नाही. कॉपी चालू असताना मात्र पेनड्राइव्ह आजही ओढू नये.

मला खरा राग आहे तो त्या नकाराच्या संदेशाचा. डिस्क नेमकी कुणी धरून ठेवली आहे, हे त्यात बऱ्याचदा नसतं. लिनक्सवर 'एलएसओएफ' ही कमांड प्रोग्रामचं नाव सांगते. विंडोजलाही ते बऱ्याचदा माहीत असतं: इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत २२५ क्रमांकाच्या नोंदीत अडवणाऱ्या प्रोग्रामचं नाव लिहिलेलं सापडतं. तेच नाव त्या छोट्या चौकटीत छापायला हवं होतं.